ओटा पुरतो म्हणे!

मा. संपादक महोदय,

"खान्देशी माणसाला समुपदेशकाची गरज नाही, त्याला ओटा पुरतो," असा निर्वाळा देणारे पत्र आपल्या कालच्या अंकात वाचले. पत्रलेखकांचा ओटा भाग्यवान दिसतो. आमच्या रावेर तालुक्यातील ओट्यावर माझ्या धाकट्या भावाला "मन घट्ट कर" एवढा एकच सल्ला मिळाला, तोही रोज संध्याकाळी आणि निरनिराळ्या तोंडांनी.

वादळात केळीची निसवलेली बाग आडवी झाल्यापासून त्याच्या छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी, टू-डी इको, सगळे नॉर्मल. रात्री जरा वारा सुटला की हा बॅटरी घेऊन शेताकडे निघायचा आणि भावजय दारात ताटकळत उभी राहायची. उतारे झाले, अंगारे झाले. एका भगताने तर बागेच्या चारही कोपऱ्यांत लिंबू पुरण्याचे पैसे घेतले. अखेर जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मोजकी औषधे देऊन त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवले. धडधड केव्हा होते, त्या क्षणी मनात कोणता विचार येतो आणि त्या विचाराला पुरावा काय, हे त्यांनी त्याला रोज वहीत लिहायला लावले. "आता सगळे संपले" या वाक्यासमोर देणे किती, येणे किती, हे त्याला स्वतःच्या अक्षरात मांडावे लागले. वारा असताना घरात थांबण्याचा वेळही त्यांनी हळूहळू वाढवत नेला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात विकसित केलेल्या, विचार तपासून बदलण्याच्या उपचारपद्धतीचा हा धागा आहे. तिला गप्पा म्हणणे म्हणजे शस्त्रक्रियेला भाजी चिरणे म्हणण्यासारखे आहे. धडधड अजून पूर्ण गेलेली नाही, परंतु तो रात्री झोपतो आणि बाग पुन्हा लावली आहे. शिवाय बाईंना सांगितलेले तिथेच राहिले. ओट्यावरचे बोलणे मात्र दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर पोहोचलेले असायचे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांनाही शारीरिक आणि मानसिक आजारांत भेद करण्यास मनाई केली आहे. कायद्याला जे पटले, ते पत्रलेखकांनाही कधीतरी पटेल.

जाता जाता एक विचारतो. त्या पत्राच्या अगदी खालीच "गृहक्लेश, करणी, घरबसल्या खात्रीशीर तोडगा" अशी चौकटीतील जाहिरात होती. तिच्याशेजारी मानसिक त्रासात फोनवरून मदत देणाऱ्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक छापण्यास किती दर पडेल, ते कृपया कळवावे.

आपला,
एक वर्गणीदार, ता. रावेर, जि. जळगाव