छायाचित्रातल्या बाळाची हनुवटी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नव्या आई-बाबांसाठी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मजकूर उपयोगी होता, पण सोबतच्या छायाचित्राबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. कापडी स्लिंगमध्ये, म्हणजे बाळ अंगावर बांधून घ्यायच्या झोळीत, तान्हं बाळ गाढ झोपलेलं, अर्धा चेहरा कापडाखाली, हनुवटी छातीला टेकलेली. पाहणाऱ्याला गोड वाटेल. मी मात्र अनेक वर्षं नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका होते, आणि अशी मान पडलेलं बाळ दिसलं की माझा हात आधी त्याची हनुवटी उचलायला जातो.

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. पाठ वाकून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दुमडते. नाक-तोंड कापडात किंवा आपल्याच अंगात दाबलं गेलं तरी तोच धोका. मोठं माणूस डोकं वळवून सुटका करून घेईल. मान न धरलेल्या बाळाला ते जमत नाही, आणि रडायलासुद्धा आधी श्वास लागतो. त्यामुळे काही बिनसलं तरी आवाज होत नाही, बाळ शांत झोपलंय असंच वाटत राहतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबाबत इशारा दिला, तेव्हा आधीच्या २० वर्षांतले किमान १४ मृत्यू त्यांच्यासमोर होते. त्यातली १२ बाळं चार महिन्यांहूनही लहान होती.

म्हणून बाळाला गुंडाळीसारखं आडवं न ठेवता उभं, छातीशी घट्ट बांधावं. त्याचा चेहरा कापड न सारता आपल्याला दिसला पाहिजे. आपण मान खाली घातली की टाळूचा पापा घेता यावा, इतकं ते वर असावं. हनुवटीखाली निदान बोटभर जागा हवी. बांधणी सैल आहे का, हे ओळखायची सोपी रीत आहे: बाळाच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबा. ते सरळ होऊन आपल्याकडे सरकलं, तर आत गोळा होऊन बसलेलं होतं, पुन्हा बांधा. हे घरातून निघताना एकदा पाहून भागत नाही. चालता चालता पट्टे ढिले होतात आणि बाळ खाली घसरतं. कॅरिअरमध्येच (स्लिंग असो वा पट्टे-बकलांचं, बाळ अंगावर बांधायचं साधन म्हणजे कॅरिअर) दूध पाजलं असेल तर पाजून झाल्यावर बाळाला परत वर घेऊन बांधावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

दुसरा मुद्दा खुब्यांचा. कडेवरचं बाळ जसं आपसूक पाय फाकवून, गुडघे वर घेऊन बसतं, तशीच बैठक कॅरिअरमध्ये हवी. मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार आणि गुडघे ढुंगणापेक्षा जरासे वर. दोन पायांमध्ये अरुंद पट्टी आणि खाली सरळ लोंबणारे पाय, अशा अवस्थेत बाळ तासन्‌तास राहू नये; पहिल्या सहा महिन्यांत तर नाहीच.

मला बहुतेक जण विचारतात, ‘कुठल्या कंपनीचं घेऊ?’ मी उलट बाळाचं आजचं वजन विचारते. बकलवाल्या बऱ्याच कॅरिअरना किमान वजन साडेतीन किलोच्या आसपास असतं. त्याहून लहान बाळ पाय घालायच्या फटीतून निसटू शकतं, आणि बुडाखाली घरचा टॉवेल घडी करून घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कॅरिअर कुणाचं वापरलेलं असेल तर शिवण, बकल आणि वजनाची चिठ्ठी तपासा. कंपनीने ते परत मागवलेलं नाही ना, तेही पाहा. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा श्वासाचा त्रास असलेलं बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तोंड बाहेर करून बसवायचं ते मान पक्की धरल्यावर, तेही जागं असेपर्यंतच. पेंगायला लागलं की आत वळवायचं. आणि बाळ अंगावर असताना गॅसपाशी उभं राहणं, गरम चहा पिणं, दुचाकी-चारचाकीत बसणं नको. खालची वस्तू उचलायची तर कमरेत न वाकता गुडघ्यांत वाका.

याचा अर्थ कॅरिअर वापरू नये असा मुळीच नाही. रडकं बाळ अंगाशी घेतल्यावर निवतं, आणि बाळंतपणातून सावरणाऱ्या बाईला दोन हात मोकळे मिळणं ही मोठीच गोष्ट आहे.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या अंकात योग्य आणि अयोग्य बांधणीची दोन रेखाचित्रं शेजारी शेजारी छापावीत. बाळ समोरून न दाखवता बाजूने दाखवावं, म्हणजे हनुवटी आणि छाती यांच्यातली जागा वाचकांना दिसेल.

– एक निवृत्त परिचारिका