गोंदूरच्या अप्पांना

ती. अप्पा,
सा. न. वि. वि.

परवा कामासाठी माझं जुनं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, काढलं. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास त्यात ओळीने मांडलेत आणि पानोपानी इन्स्ट्रक्टरांच्या सह्या आहेत. विमानाला दोर बांधणाऱ्या, इंधन भरणाऱ्या तुमच्यासारख्या माणसासाठी त्यात रकानाच नसतो. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

आमच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं नाव निघालं की लोक १९२८ ची स्थापना सांगतात, जेआरडी टाटांचा १९२९ चा परवाना सांगतात. मला आधी, जिथे आम्ही उडायला शिकलो त्या धुळ्याच्या गोंदूर विमानतळावरचा तुमचा आवाज ऐकू येतो. "ताई, घाई कोनले शे?"

पहाटे आम्ही मुलं सेसना विमानाकडे धावायचो. उन्हाळ्यात तर धावायलाच हवं, कारण दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिन आणि पंख दोन्ही ढेपाळतात, आणि वावटळी उठतात त्या वेगळ्याच. पण तुम्ही कप हातात दिल्याशिवाय दार उघडू द्यायचा नाहीत. पंखाखालून थोडं इंधन त्या पारदर्शक कपात काढायचं आणि पाणी आहे का बघायचं. पाणी जड, ते बुडाशी बसतं, हे पुस्तकात होतंच. पुढचं तुम्ही शिकवलंत. कप नुसता स्वच्छ दिसला म्हणून खूश व्हायचं नाही, कारण सगळंच पाणी असलं तरी तो स्वच्छच दिसेल! एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, निळा रंग पांढऱ्या पंखासमोर धरून दिसला पाहिजे, वास आला पाहिजे. आणि संध्याकाळी, सगळे चहाला गेले की, तुम्ही टाक्या काठोकाठ भरायचात. टाकी अर्धी राहिली तर आतल्या हवेतला दमटपणा रात्रीच्या गारठ्यात पाणी होऊन उतरतो. हे तुम्हाला कुणी समजावलं होतं, की वर्षानुवर्षं कप बघून कळलं, ते विचारायचं राहून गेलं.

दिशा ओळखायला दक्षिणेला लळिंगचा किल्ला, उत्तरेला सोनगीरचा, मधून पांझरा. ते सरांनी दाखवलं. पण विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी धावपट्टीजवळची कापडी नळी, नजरेत येण्याआधी वारा कसा ओळखायचा, तर शेतात पऱ्हाट्या पेटवल्यात का बघायचं, धूर कुठे झुकतोय ते बघायचं, ही युक्ती तुमची. पहिल्यांदा एकटी वर गेले, शेजारची खुर्ची रिकामी, विमान हलकं होऊन नेहमीपेक्षा भरभर चढलेलं, तेव्हा मी आधी धूरच शोधला. (सरांना हे अजून सांगितलेलं नाही.)

आता माझ्या विमानात इंधन भरणारी माणसं वेगळी असतात, कागदावर सही घेऊन निघून जातात. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय मी वर चढत नाही. सहवैमानिक हसतात, हसू देत.

तुमच्या नातवाला वैमानिक व्हायचंय असं कळलं. बारावीला फिजिक्स आणि गणित सोडू देऊ नका. आणि कुठेही फी भरण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी होऊ द्या. डोळ्यांचं काही निघालं तर पैसे अडकायला नकोत. फॉर्म मी भरून देईन. दिवाळीनंतर धुळ्याला येतेय, त्याला घरी थांबायला सांगा.

तुमची,
नाशिकची ताई