अंश इकडे, छेद तिकडे

शहापूर, बेळगाव

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंनी पाठवलेला गुन्ह्यांच्या दराचा तक्ता मिळाला. मोबाईलवर अक्षरं दिसेनात, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा छापून घेतला. बेळगाव शहराची ओळ लाल, म्हणजे गुन्ह्यांचा दर जास्त. बेळगाव जिल्हा, धारवाड, बागलकोट, उत्तर कन्नड, कोल्हापूर सगळे पिवळे किंवा हिरवे. आणि खाली तुझं वाक्य, "आई, आता तरी घर विकून पुण्याला ये." घराचं मागाहून बघू. एकतीस वर्षं पोरांना अपूर्णांक शिकवलेत मी, आधी तक्ता तपासणार.

गुन्ह्यांचा दर म्हणजे अपूर्णांकच की गं. वर्षभरात नोंदलेले गुन्हे वर, लोकसंख्या खाली, गुणिले एक लाख. पाचवीच्या पोरांना मी पहिलं हेच विचारायची, वरची माणसं आणि खालची माणसं एकच आहेत का?

दिवाळीच्या आधी गणपत गल्लीत उभी राहून बघ. निम्मी गर्दी बाहेरगावची. चंदगडची माणसं कापडाला, सोन्याला, दवाखान्याला इथंच येतात, कोल्हापूर त्यांना लांब पडतं. त्यातल्या एकाची मोटारसायकल खडेबाजारातून गेली, तर गुन्हा बेळगाव शहराच्या नावावर चढतो आणि तो माणूस मात्र मोजला जातो कोल्हापूर जिल्ह्यात, तेही दुसऱ्या राज्यात. अंश इकडे, छेद तिकडे. खानापूर, बैलहोंगल, गोकाकच्या माणसांचं तेच. शहर दिवसा फुगतं, पण भागाकार होतो रात्री इथं झोपणाऱ्यांनीच.

त्यात तो छेदही जुना. २०११ च्या जनगणनेत शहर सुमारे ४.९ लाख होतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा त्यानंतरचा प्रत्येक आकडा अंदाजाचा. शिवाय २०१४ पासून शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय आहे. काकती, मारिहाळ ही ठाणी त्याच्यात, पण ती गावं महापालिकेच्या बाहेर. उरलेला जिल्हा एसपींकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांकडे. जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे ४७.७९ लाख, पण त्यात शहर धरलेलं आहे. कुणी एसपींच्या हद्दीतले गुन्हे घेऊन या पूर्ण लोकसंख्येनं भागले, तर जिल्हा आपोआप साधुसंत ठरतो. तक्ता करणाऱ्यानं कशानं भागलं, ते जावईबापूंना विचार. माझ्या वर्गात असते तर एवढ्यावर अर्धे गुण कापले असते.

आता अंश. माझी स्कूटी गेली ते तुला फोनवर सांगितलं होतं, ठाण्यातलं नव्हतं सांगितलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, ओळखीचं कुणी नेली असेल, दोन दिवस शोधा." दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वकिलांचा मुलगा बरोबर आला आणि त्यानं सरळ सांगितलं, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात त्याची, फिर्याद घ्यावीच लागते, सुप्रीम कोर्टानं २०१३ सालीच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. तेव्हा फिर्याद लिहिणाऱ्या रायटरनं कागद ओढला. मी मराठीत सांगत होते, तो कन्नडात लिहीत होता. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की स्कूटी मंगळवारी गेलेली आणि कागदावर सोमवार झालाय. खोडून दुरुस्त करून घेतलं आणि मग सही केली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती तिथंच मागून घेतली. आणि खरं सांगू? इन्शुरन्सवाल्यांना तो कागद लागला नसता, तर मीही पहिल्याच दिवशी घरी येऊन चहा प्यायले असते.

खानापूरकडच्या काकाला मात्र असा कागद मागणारं कुणी नाही. त्याची नदीवरची मोटर तीनदा गेली. मागच्या खेपेला मी तिथंच होते. सकाळी जाऊन बघतो तर स्टार्टरची पेटी उघडी, केबल कोयत्यानं तोडलेली, आणि बांधापलीकडे काळ्या राखेचा हातभर पट्टा. तांबं काढायला तिथंच केबल जाळली होती. वास अजून होता. काका म्हणाला, "ठाण्यात जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, कन्नडात अर्ज लिहायला माणूस शोधा, आणि मोटर काय परत येणार आहे?" नवीन मोटर आणली, संपलं. तुमच्या तक्त्यात काकाच्या तीन मोटरी म्हणजे शून्य, आणि माझी एक स्कूटी म्हणजे एक. शहर लाल.

उलटही होतं. पोलिसांनी मटक्यावर धाडी घातल्या की आकडा चढतो, महिनाभर डोळे मिटले की उतरतो. मटका तेवढाच. १ नोव्हेंबरला सीमाभागातली मराठी माणसं काळा दिन पाळतात, त्या फेरीत घोषणा दिल्या म्हणून आपल्या माणसांवर कितीदा गुन्हे दाखल झालेत, ते तुला माहीतच आहे. म्हणून आमची गल्ली धोक्याची झाली का? आणि केरळचा दर देशात कायम वरच्या नंबरांत असतो. तिथं तक्रार लिहून घेतात, हे त्याचं मोठं कारण. दिल्लीत गाडीचोरी घरबसल्या नोंदवता येते, म्हणून तिथला ढीग मोठा दिसतो.

तुलना करायचीच असेल तर खुनाचा रकाना काढा. प्रेत लपवणं अवघड, त्यामुळे तो आकडा त्यातल्या त्यात खरा. दुसरा वाहनचोरीचा, इन्शुरन्समुळे. आणि एका वर्षाचा नको, पाच वर्षांचा घ्या. लहान हद्दीत आठाचे बारा खून झाले की लगेच पन्नास टक्के वाढ, पेपरवाल्यांना तेवढं पुरतं.

मला भीती वाटतच नाही असं नाही. भजनाहून परतताना आपल्या बोळातला दिवा बंद असला की मी किल्ली मुठीत धरून चालते. मोबाईलवर "मी पोलीस बोलतोय" म्हणणाऱ्याचा फोन मलाही आला होता. ठेवून दिला, पण हात थरथरत होते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर आता फ्रिजवर चिकटवलाय. दिव्याचा अर्ज महापालिकेत दोनदा दिला. हे कुठल्या रकान्यात बसतं?

तेव्हा घर विकायचं नाही. मागच्या दाराची कडी सैल झालीय, दिवाळीला याल तेव्हा जावईबापूंना जरा बघायला सांग.

आणि हो, परवा काकाची मोटर चौथ्यांदा गेली. सोमवारी मी त्याला घेऊन ठाण्यात जाणार आहे, अर्ज मीच लिहिणार, माझं कन्नड तेवढं आहे. जिल्ह्याच्या ओळीत एक वाढेल. जावईबापूंना सांगून ठेव, घाबरू नका म्हणावं.

तुझी,
आई