गुडघ्याचं पत्र, दिग्यास

ऑकलंड,
रविवार, रात्री

प्रिय दिग्या,

गुडघा गेल्यावर कबड्डीबद्दल पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "आता चढाई संपली, पोरांना शिट्टी मारून दाखवायची तेवढी उरली" हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

इथं एक खेळाडू आहे, रॉजर तुइवासा-शेक. सगळे आरटीएसच म्हणतात. 1993 साली सामोआतल्या आपिआत जन्म, वाढला इथं दक्षिण ऑकलंडच्या ओटारात. त्याच ओटाराच्या शनिवारच्या बाजारात मी भाजी आणायला जातो. तिथं आपल्या अळकुड्यांच्या जातीचे, पण नारळाएवढे कंद मिळतात.

त्याचा खेळ म्हणजे रग्बी लीग. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तू आठवलास. तेरा-तेरा जण. चेंडू काखेत मारून समोरच्या भिंतीत घुसायचं. पकड झाली की उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा, दुसऱ्याने तो घेऊन परत घुसायचं. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. म्हणून बहुतेक वेळा पाच झाल्या की उंच लाथ मारून चेंडू लांब धाडतात. तो झेलायला सगळ्यांच्या मागे एकटा उभा असतो तो फुलबॅक. झेलताना नजर आभाळात आणि समोरून दोन-तीन धिप्पाड गडी अंगावर धावत येत असतात.

रॉजर आधी सिडनी रूस्टर्सकडून विंगवर, म्हणजे अगदी कडेला खेळायचा. 2013 ला त्यांनी मॅन्ली संघाला 26-18 हरवून एनआरएलचं, म्हणजे इथल्या मोठ्या लीग स्पर्धेचं, विजेतेपद मारलं, तेव्हाही तो कडेलाच होता. त्यांचा फुलबॅक मिनिचिएलो 2014 नंतर निवृत्त झाला आणि ती जागा याला मिळाली. मग 2016 ला तो घरी आला, ऑकलंडच्या वॉरियर्सकडे. गाव नुसतं फुललं होतं म्हणतात. आणि एप्रिलमध्येच, हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, गुडघ्याचं लिगामेंट गेलं. एसीएल, दिग्या. तुझं गेलं तेच. उरलेला सगळा हंगाम त्याने बाहेर बसून काढला.

त्या महिन्यांत त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला माहीत नाही. पण तुझ्या आवाजावरून अंदाज येतो.

2017 ला तो परतला तो कप्तान म्हणून. 2018 ला डॅली एम पदक, म्हणजे त्या एनआरएलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. वॉरियर्सच्या एकाही खेळाडूला त्याआधी ते मिळालं नव्हतं. पुढच्या वर्षी गोल्डन बूट, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तोही त्याचाच.

पण मला तुला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. मध्ये तो लीग सोडून पंधरा जणांच्या रग्बी युनियनकडे गेला. वेगळे नियम, वेगळी जागा, सगळं नव्याने शिकला आणि 2022 मध्ये ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, तीन कसोटी खेळला. 2024 ला वॉरियर्सकडे परत आला तेव्हा फुलबॅकच्या जागेवर चार्न्झ निकोल-क्लोकस्टाड पाय रोवून उभा होता. रॉजर सेंटरला, म्हणजे विंगच्या आतल्या जागेवर, खेळला. नंतर परत कडेला, विंगवर, जिथून सुरुवात केली तिथंच. कप्तानी केलेला, पदकं मिळवलेला माणूस!

मी वॉरियर्सच्या माउंट स्मार्ट मैदानावर त्याला कडेला खेळताना बघितलंय. पाऊस भुरभुरत होता, चेंडू साबणासारखा निसटत होता. उंच लाथ आली, तो उडाला, छातीशी चेंडू धरला आणि एका पायावर उतरला. माझं लक्ष गुडघ्याकडे. पाय टेकतोय तोवर त्याने अंग उजवीकडे झुकवलं आणि डावीकडून निघून गेला. समोरच्याच्या हातात नुसती हवा. अगदी तुझी हूल, बोनसला पाय टाकल्याचं दाखवून परत फिरायचास ती. मी उभा राहून ओरडलो, मराठीत.

आणि दिग्या, इस्लामपूरचा तो सामना आठव. डाव्या कोपऱ्याचा गडी तापाने फणफणलेला, म्हणून तुला तिथं उभं केलं होतं. तू नाक मुरडलंस आणि मग लागोपाठ तीन घोटा पकडी केल्यास. मी रेषेला बसून मोजत होतो. त्या दिवशी तुला चढाईला पाठवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चढाई तुझ्या हातून सुटली तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. पण कबड्डी सुटलेली मला बघवणार नाही.

घाई मात्र अजिबात करू नकोस. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मातीत पाय ठेवायचा नाही, मला शब्द दे. गुडघा पूर्ण सरळ होतोय का? मांडी किती उतरलीय? दोन्ही मांड्यांचं माप टेपने घेऊन कळव, दर रविवारी.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कालच संपला. आणि पुढच्या शनिवारी सामना आहे, मी व्हिडिओ कॉल लावतो. पाय उशीवर ठेवून बस.

तुझाच,
सुध्या