रविवारची माशांची अदलाबदल: आक्रमक मासे देणाऱ्या-नेणाऱ्यांसाठी

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता, वडोदऱ्यात दांडिया बाजारात नेहमीच्या जागी. ऑस्कर, मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे), टायगर बार्ब देणार असाल तर पिशवीवर जात, लांबी आणि कळत असल्यास नर-मादी लिहा. सिक्लिड एका पिशवीत एकच. दोन भरले तर वाटेतच पंख फाटतात.

नेताना:
- टायगर बार्ब किमान 8 घ्या. दोन-तीनच असले तर एंजल, गुरामीच्या लांब पंखांचे लचके तोडतात. थवा मोठा असला की बरेचसे आपसांतच गुंततात. तरी फायटर (बेटा) मासा त्यांच्यासोबत नकोच.
- मलावीत एका नरामागे तीन-चार माद्या. नवा मासा सोडण्याआधी दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. त्या रात्री दिवा बंद.
- ऑस्करच्या तोंडात मावेल तो मासा त्याचं खाणं. आजचं बोटभर पिल्लू 30 सेंमीपर्यंत वाढतं.

नवा मासा आधी दोन-चार आठवडे वेगळ्या टाकीत. हीटरमागे दडलेला किंवा वरच्या कोपऱ्यात लटकलेला, शेपटी कुरतडलेला मासा बहुतेक मार खात असतो. त्याला लगेच बाहेर काढा, उद्यावर ढकलू नका.

फ्लॉवरहॉर्न हा फार भांडखोर संकरित सिक्लिड; तो मिश्र टाकीसाठी दिला जाणार नाही. आणि नको झालेला मासा परत आणा. सूरसागर तलावात सोडू नका.