दुबे सर, तुमच्या त्या वेगळ्या कागदाबद्दल

आदरणीय सत्येंद्र दुबे सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता, रस्त्याच्या कामातला गैरप्रकार पत्रानं थेट पंतप्रधानांना कळवणारे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. तरी आभार मानायचे आहेत आणि ते तुमचेच मानायचे आहेत. माझी नोकरी शाबूत आहे, घरची माणसं सुखरूप आहेत आणि ज्या रस्त्याबद्दल मी तक्रार केली तो उकरून पुन्हा करावा लागला. हे सगळं तुमच्यामुळे झालं.

मी महाराष्ट्रात एका राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर क्वालिटीला आहे. रस्ता कुठला, कंत्राटदार कोण, ते लिहीत नाही. डीबीएमचा, म्हणजे डांबर-खडीचा जाड थर पडला की कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेला गोल नमुना काढायचा, जाडी आणि घनता तपासायची, हे माझं काम. चांगला कोअर मशीनमधून अखंड बाहेर येतो, हाताला जड लागतो. आमचा हातात घेताच सुटला. खडी बोटांमधून खाली पडली आणि तळाच्या खडीला तर डांबर लागलेलंच नव्हतं. लॅबच्या रजिस्टरमध्ये मात्र त्या पट्ट्याचे आकडे आधीच भरून ठेवले होते. फक्त माझी सही बाकी होती.

मी वरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "निश्चिंत राहा, तुमचं नाव कुठेही येणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळीच कंत्राटदाराच्या माणसानं साइटवर मला गाठून विचारलं, "काल साहेबांकडे काय काम काढलं होतं?" बाकी काही बोलला नाही. घरी मी हे कुणालाच सांगितलं नाही, पण जेवण जात नव्हतं.

त्या दिवसांत ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांनी मला तुमचं पत्र वाचायला लावलं. तुमचा खून झाला हे कॉलेजात असताना ऐकलं होतं, पण पत्र वाचलं नव्हतं. नोव्हेंबर 2002 मध्ये तुम्ही ते थेट पंतप्रधान वाजपेयींना लिहिलंत. सुवर्ण चतुष्कोनाचं काम, दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा 5,846 किलोमीटरचा रस्ता, आणि त्यातल्या झारखंड-बिहारच्या टप्प्यावर मोठी कंत्राटं घेऊन काम भलत्याच छोट्या ठेकेदारांकडे कसं सोपवलं जातंय, ते तुम्ही डोळ्यांनी पाहत होतात. कोडरमाला असताना 6 किलोमीटर खराब रस्ता तुम्ही कंत्राटदाराला पुन्हा करायला लावला होता. मी या धंद्यात आहे, सर. सहा किलोमीटर उकरायला लावणं म्हणजे काय, ते मला कळतं.

पण मी अडलो ते दुसऱ्याच जागी. निनावी पत्राला कोणी किंमत देत नाही हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही नाव लपवलं नाहीत. स्वतःची माहिती लिहिलीत, पण एका वेगळ्या कागदावर, आणि गुप्तता राहावी म्हणून तो वेगळा जोडलाय असं पत्रातच स्पष्ट सांगितलंत. मजकूर शंभर जणांनी वाचला तरी चालेल, हा एक कागद मात्र बाजूला काढून ठेवा, एवढीच तुमची विनंती. त्याला टाचणी लावताना तुम्ही किती विश्वासानं लावली असेल! आणि तोच कागद पत्राबरोबर पंतप्रधान कार्यालयातून मंत्रालयात, तिथून तुमच्याच खात्यात टेबलाटेबलावर फिरला. कुणालाही तो काढून कपाटात ठेवावासा वाटला नाही. याचा राग मला आजही येतो.

27 नोव्हेंबर 2003 ला पहाटे गया स्टेशनवरून रिक्षानं घरी जाताना तुम्हाला गोळी घातली. वय जेमतेम तीस. सीबीआयनं तो लूटमारीतून झालेला खून ठरवला, 2010 मध्ये तिघांना शिक्षाही झाली. तुमच्या भावाला ते कधी पटलं नाही. मलाही पटत नाही.

तुमच्या मृत्यूनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 21 एप्रिल 2004 ला केंद्र सरकारला ठराव काढावा लागला. आता अशी तक्रार बंद लिफाफ्यात केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवता येते. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं. निनावी तक्रार चालत नाही, पण नाव-पत्ता सोबतच्या वेगळ्या पत्रात दिला तरी चालतो, आणि तो गुप्त ठेवणं आयोगावर बंधनकारक आहे. तुमची विनंतीच सरकारनं नियम म्हणून लिहिली, सर. जिवंतपणी तेवढी पाळली असती तर?

मी तसाच लिफाफा पाठवला. माझं नाव, पत्ता, फोन वेगळ्या कागदावर.

तपासणी आली, नवे कोअर निघाले, तो पट्टा नापास झाला. मिलिंग मशीन थर खरवडत होतं तेव्हा मी तिथेच होतो. कंत्राटदाराची माणसं चहा पिताना कुणी कळवलं असेल याचे अंदाज बांधत होती आणि मलाही कप पुढे करत होती. माझ्याकडे कुणी संशयानं पाहिलंही नाही. तेव्हा तुमची इतकी आठवण झाली की चहा घशाखाली उतरेना.

ही सोय केंद्राच्या कामांपुरतीच आहे. राज्याच्या रस्त्यावर माझ्यासारखाच कुणी असेल तर त्याला हा लिफाफा उपयोगाचा नाही. राज्यांनाही लागू होणारा कायदा झाला, 2014 मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली, पण पुढे वर्षानुवर्षं तो अमलात आणलाच नाही. आमच्या मनमाडजवळ 2011 मध्ये अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनातली भेसळ पकडायला गेल्यावर भरदिवसा जाळून मारलं. तरी सरकारला शहाणपण येत नाही.

आणि तरीही चांगली माणसं कामावर भेटतात. आमच्या लॅबमधला पोरगा खरा आकडा पेन्सिलीनं का होईना, कडेला लिहून ठेवतो. एक रोलर ऑपरेटर आहे, मिक्स थंड झालं की रोलर बंद करून खाली उतरतो, कुणी कितीही ओरडो. यांना कुणी पुरस्कार देणार नाही. त्यांना तुमचं नावही माहीत नव्हतं. आता आहे, मी सांगितलंय.

सिवान जिल्ह्यातल्या शाहपूरच्या तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार. साखर कारखान्यात कारकुनी करून तुमच्या वडिलांनी तुम्हाला कानपूरच्या आयआयटीपर्यंत पोचवलं, त्या शिक्षणाचा फायदा इथे महाराष्ट्रात मला झाला. हे त्यांच्या घरी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

आपला कृतज्ञ,
महामार्गावरचा एक क्वालिटी इंजिनिअर