पडताळणी करा, पण म्हणणेही ऐकून घ्या

संपादक महोदय,

मुंबई आणि उपनगरांत बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांच्या शोधमोहिमेच्या बातम्या वरचेवर येत असतात आणि वाचकांकडून तिचे स्वागतही होते. घुसखोरी रोखण्याचा सरकारचा अधिकार मी नाकारत नाही. मात्र ज्याच्यावर संशय घेतला जातो, त्याला आपली बाजू मांडायला किती वेळ मिळतो आणि ती कोणापुढे मांडायची असते, याची चर्चा फारशी होताना दिसत नाही.

1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आणि 1946 च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द झाले. वैध पासपोर्ट व व्हिसाविना देशात आल्यास आता 5 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण परदेशी नाही हे त्या व्यक्तीनेच सिद्ध करायचे, ही जुन्या कायद्यातली तरतूद मात्र नव्यातही कायम आहे.

हे सिद्ध करणे किती अवघड असते, हे महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला चांगले ठाऊक आहे. नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिलेला, आईचे नाव रुग्णालयाच्या कागदावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरेच, अशी प्रकरणे आमच्या खिडकीवर नेहमीची होती, आणि ती घेऊन येणाऱ्यांत या मातीत जन्मलेली मराठी माणसे कमी नव्हती. घरी बाळंतपण झालेल्यांची तर मुळात नोंदच नसे. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदींना स्थगिती दिली आणि पुढे त्यांचे नियम कडक केले. खोटे दाखले रोखायलाच हवेत. परंतु ज्याची नोंद खरोखरच राहून गेली आहे, त्याच्या हातात मग उरते ते नाक्यावर कामाची वाट पाहताना प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या झेरॉक्सचे पुडके, आणि तेही पोलीस ठाण्यात पुरेसे मानले जाईलच असे नाही.

याचा परिणाम जून 2025 मध्ये दिसला. महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे त्यांच्या राज्याने दाखवून दिल्यावर सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावे लागले. त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्याला आधी नीट विचारले असते, तर ही नामुष्की टळली असती. ज्यांच्यामागे असे कोणतेही राज्य उभे राहत नाही, त्यांचे काय होत असेल?

निर्वासितांची स्थिती याहून बिकट आहे. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. नव्या कायद्याखालील आदेशाने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून छळामुळे 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना कागदपत्रांच्या अटीतून सूट दिली, हे चांगलेच झाले. पण म्यानमारमधून जीव वाचवून आलेला रोहिंग्या किंवा पाकिस्तानातला अहमदिया पंथाचा मुसलमान या यादीत बसत नाही. छळ सोसलेल्याची दखल घेताना त्याचा धर्म विचारणे मला तरी पटत नाही. आजच्या बांगलादेशातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच स्पष्ट केले होते की, जीविताच्या हक्काचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित येऊन राहिले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांतून उल्हासनगर उभे राहिले. तेव्हा देशाची तिजोरी आजच्याइतकी भरलेली नव्हती.

राज्य सरकारने निदान एवढे तरी करावे: संशयिताच्या मूळ गावातून लेखी उत्तर येईपर्यंत आणि त्याला वकिलाचे साहाय्य मिळेपर्यंत त्याला राज्याबाहेर नेऊ नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांमार्फत मोफत वकील देण्याची व्यवस्था आपल्याकडे आहेच. पोलिसांनी ताब्यात घेतल्याची माहिती त्याच दिवशी या प्राधिकरणांना कळवण्याचा आदेश गृहखात्याने काढावा.

— एक निवृत्त महापालिका कर्मचारी, मुलुंड (पूर्व), मुंबई